सुधारसातलं निंबू

शंकेखोर : काकू, सुधारसाशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. दर दिवाळीला तुमच्याकडून आलेली वाटी मी बोटाने पुसून रिकामी केली आहे. माझं म्हणणं त्या चिठ्ठीबद्दल आहे. तुमचा बचत गट सुधारस बाटल्यांत भरून पांढुर्ण्याच्या बाजारात विकणार, तर त्यात मीही चार खोकी उचलून देईन. पण बाटलीवर 'निंबूयुक्त, आरोग्यदायी' असं छापायचं ठरलंय, ते मला पटत नाही. हिशेब करून पाहू. वाटीभर साखर म्हणजे २०० ग्रॅम. तिला तुम्ही २ निंबू घेता. आपल्या कागदी निंबूतून रस निघून निघून किती निघणार? एकातून १५ ते २० मिलिलीटर. १०० मिलिलीटर रसात 'क' जीवनसत्त्व असतं ३० ते ५० मिलिग्रॅम. म्हणजे दोन्ही निंबू मिळून फार तर २० मिलिग्रॅम. तो सुधारस पाच माणसांत वाढला, की प्रत्येकाच्या वाट्याला येतं २ ते ४ मिलिग्रॅम जीवनसत्त्व आणि ४० ग्रॅम साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली दिवसाची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम आहे. वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग या वाटीत आरोग्य कुठे आहे? 'क' हवं असेल तर एक पेरू खावा, दिवसाची गरज भागून वर उरेल.

आणि हा हिशेब मी वही घेऊन का बसलो, तेही सांगतो. बाबांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी जिलेबी सोडली, बुंदी सोडली, चहातली साखर सोडली. सुधारस सोडला नाही. विचारलं की म्हणतात, ''अरे, निंबू आहे त्यात, काही होत नाही.'' हे वाक्य आमच्या घरात मी शंभरदा ऐकलं आहे. तुम्ही तेच वाक्य आता छापून शंभर घरांत पोचवणार आहात.

हौशी : बाबांचं ऐकून मन लागेना माझं. तू हे मला आधी सांगायला हवं होतंस, मी वाटी पाठवली नसती. पण तुझ्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली. निंबू म्हणजे काही 'क' जीवनसत्त्वाची गोळी नाही. आपल्या ताटात ते कुठे वाढतात? डावीकडे, मिठाच्या शेजारी. आधी मीठ, मग निंबूची फोड, मग चटणी, कोशिंबीर. डाव्या बाजूला जे असतं ते पोट भरायला नसतं, उजव्या बाजूचं अन्न अंगी लागावं म्हणून असतं. गोळाभातावर निंबू पिळल्याशिवाय आपल्याकडे कोणी घास घेत नाही. सकाळच्या पोह्यांवर निंबू लागतंच. पोह्यांतलं, डाळीतलं, चण्यातलं लोह असं सहजासहजी अंगी लागत नाही, आंबट फळातल्या 'क'मुळे ते आतड्यात शोषलं जातं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, अंगणवाडीतल्या ताई सांगतात आणि डॉक्टरही सांगतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्ताने कमी निघाल्या. त्यांच्यासाठी धुऱ्यावरचं एक निंबू, फुकटात मिळणारं, केवढी मोठी गोष्ट आहे! शिवाय आंबट पडलं की मीठ कमी लागतं. माझा रक्तदाब वाढला तेव्हा मी भाजीतलं मीठ अर्धं केलं आणि निंबूने निभावलं. घरात कोणाला कळलंसुद्धा नाही.

आणि सुधारस कसा होतो ते तू खाल्लंस, पण चुलीपाशी उभा राहिला नाहीस. साखर बुडेल एवढंच पाणी घालायचं. पाक चिकट झाला की अर्धं निंबू उकळत्या पाकातच पिळायचं. मग दोन बोटांत थेंब धरायचा, बोटं हळूच उघडायची. एक तार आली आणि तुटली नाही, की भांडं खाली. बाकीचं दीड निंबू मात्र पाक कोमट झाल्यावर. गरम असताना सगळं पिळलं तर वास जातो आणि चव कडवट येते. मग वेलची, दुधात खललेलं केशर, चारोळ्या. पहिल्या अर्ध्या निंबूमुळे दुसऱ्या दिवशी पाकात साखर धरत नाही, बाटलीच्या तळाशी खडे बसत नाहीत. नंतरच्या दीड निंबूने ते खाण्यासारखं होतं. नुसता पाक पोळीशी खाऊन दाखव मला.

शंकेखोर : तुम्ही लोहाचं बोललात ते शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. ते निंबू पोह्यांवर पिळा, वरणावर पिळा, चण्याच्या उसळीवर पिळा. आणि त्यावर लगेच चहा घेऊ नका, कारण चहा नेमकं तेच लोह अडवतो. हे जर कोणी बाटलीवर छापलं तर मी स्वतः घरोघर वाटीन. पण सुधारसातल्या ३ मिलिग्रॅमने लोहाचं काय होणार? निंबू पोह्यांवर जो गुण कमावतं, तो आपण सुधारसाच्या नावावर लावतो. माझी तक्रार एवढीच आहे.

आणि काकू, आंबट लागलं म्हणजे गुण आला, ही समजूत माणसाला किती महागात पडली आहे! १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने इंग्रजांच्या 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. एका जोडीतल्या प्रत्येकाला रोज दोन संत्री आणि एक लेमन. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात ते दोघं उठून बसले. व्हिनेगरही आंबट होतं आणि ॲसिडही आंबट होतं, पण ते पिणारे बरे झाले नाहीत. आंबटपणा हे औषध नाही, हे तिथेच दिसायला हवं होतं. पण नाही दिसलं. आरमाराने लेमनचा रस सक्तीचा केला तो १७९५ मध्ये. स्कर्व्ही गेली. मग १८६० च्या दशकात त्यांनी भूमध्य समुद्राकडचं पिवळं लेमन सोडून आपल्या वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांतलं हिरवं लाईम घेतलं. ते जास्त आंबट, म्हणजे जास्त गुणकारी, असा त्यांचा हिशेब. १८७५ मध्ये त्याच आरमाराच्या नेअर्स नावाच्या अधिकाऱ्याची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली, बरोबर लाईमचा रस होता, आणि तरी माणसं स्कर्व्हीने पडली. १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मोजून पाहिलं, तर लाईमच्या रसाची ताकद लेमनच्या जेमतेम पाव भरली. आणि आपलं कागदी निंबू कोणतं? ते लाईम आहे. परदेशातले लोक 'लेमन'चे गुण लिहितात, आपण त्याचं भाषांतर 'लिंबू' करतो आणि आपल्या धुऱ्यावरच्या फळावर ते गुण चिकटवतो.

पुढचं तर आणखी वाईट. १९१९ पासून सायट्रिक ॲसिड कारखान्यात साखरेवर बुरशी वाढवून काढतात. किराणा दुकानात आपण ज्याला निंबूफूल म्हणतो ते हेच. त्यात निंबूही नाही आणि फूलही नाही, 'क' तर शून्य. बाजारातल्या निंबूच्या चवीच्या गोळ्या, पुड्या, मिठाया यातल्या पुष्कळशा त्याच्यावर चालतात. जीभ दोन्हींत फरक करू शकत नाही. तुमच्या बाटलीत खरं निंबू असेल, मला शंका नाही. पण 'निंबू म्हणजे आरोग्य' हे एकदा जिभेवर बसलं, की पुढची बाटली निंबूफुलाची असली तरी लोक ती तितक्याच भरवशाने घेतील.

हौशी : तुझ्या जहाजाची गोष्ट मी ऐकली आहे, पण तू ती अर्धीच सांगितलीस. तो लाईमचा रस किती दिवसांचा होता? पिंपांत भरलेला, हवा लागलेला, आणि तांब्याच्या नळ्यांतून खेळवलेला. तांबं लागलं की 'क' मरतं, हे आता सगळेच सांगतात. आपल्या आजीला ते नाव माहीत नव्हतं, पण तिने कधी निंबूचा रस बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू दिला होता का? ''कळकेल'' म्हणायची आणि हातातून भांडं ओढून घ्यायची. ताज्या फळाला दोष देऊ नकोस. झाडावरून तोडलं, चिरलं, पिळलं आणि त्याच ताटात खाल्लं, तर आपलं निंबू कोणाला कमी नाही. तो रस महिनोन्महिने साठवला त्यांनी, आणि तो बिघडला.

आणि साखर आली की आरोग्य गेलं, असं तू धरून चालला आहेस. मे महिन्यात आपल्या तिगावात दुपारी दोन वाजता शेतातून आलेल्या माणसाला तू काय देतोस? निंबूचं सरबत. पाणी, साखर, मीठ, निंबू. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ आणि ग्लुकोज कालवून पिंपांतून पाजलं आणि हजारो माणसं वाचवली. तेच पुढे जगभर गेलं. आता आरोग्य केंद्रातून मिळणारी ओआरएसची पुडी उलटून वाच. एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. सायट्रेट म्हणजे निंबूतल्या आम्लाचंच मीठ ना? मग आपल्या सरबतात आणि त्या पुडीत नातं आहे की नाही?

शंकेखोर : नातं आहे. आणि हे तुम्ही काढलंत ते फार बरं केलंत, कारण इथे माझं म्हणणं मला नीट मांडता येईल. त्या पुडीत साखर चवीसाठी नाही. आतड्यात ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून ती मोजून घातलेली आहे. जास्त झाली तर उलट आतड्यातून पाणी सुटतं आणि जुलाब वाढतात. तिथे साखर कामावर आहे. घामाने भिजलेल्या माणसाच्या सरबतातही ती कामावर आहे, निंबूही कामावर आहे, कारण नुसतं मिठाचं पाणी कोणी ग्लासभर पिणार नाही. तोच ग्लास रात्री पंख्याखाली बसून, जेवण झाल्यावर, वर चार चमचे साखर वाढवून प्यायला, तर त्यातलं एकही द्रव्य बदललेलं नाही, पण काम बदललं. मग निंबूला आरोग्यदायी म्हणायचं की त्या दुपारला?

मुतखड्याचंही असंच. सायट्रेट लघवीत गेलं की कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा बनायला अडथळा होतो, हे खरं. पण इटलीत एका चाचणीत रुग्णांना त्यासाठी दिवसातून दोनदा ६० मिलिलीटर रस घ्यायला सांगितलं होतं. आपल्या हिशेबाने दिवसाला सहा ते आठ निंबू, तेही दोन वर्षं. पुष्कळांनी मध्येच सोडून दिलं आणि पक्कं काही हाती आलं नाही. सकाळच्या गरम पाणी-मध-निंबूबद्दल तर बोलायलाच नको. त्याने चरबी झडत नाही, दातांवरचं आवरण मात्र झिजतं.

पण काकू, मघाशी तुम्ही एक वाक्य बोलून गेलात, ते माझ्या डोक्यातून जात नाही. ''नुसता पाक पोळीशी खाऊन दाखव मला.'' नाही खाता येणार. दुसऱ्या घासाला मळमळेल. तुमच्या दीड निंबूमुळे मी तीन पोळ्या खातो. आंबट पडलं की जिभेला गोड कमी लागतं, साखर तेवढीच असते. कारखान्यातल्या काळ्या थंड पेयांतही हेच आहे. १०० मिलिलीटरला दहा-साडेदहा ग्रॅम साखर माणूस गटागटा पितो, कारण त्यात आम्ल घातलेलं असतं. ते काढा, एक घोट जाणार नाही. म्हणजे सुधारसात निंबू साखरेच्या विरुद्ध उभं नाही, ते साखरेच्या बाजूने उभं आहे. पाकात खडे बसू देत नाही, म्हणजे साखरेला टिकवतं. गोडाची मिठी बसू देत नाही, म्हणजे साखरेला आत जायला वाट करून देतं. बाबा म्हणतात ''निंबू आहे, काही होत नाही.'' माझ्या मते खरं वाक्य असं हवं : निंबू आहे म्हणूनच होतं.

हौशी : हे मात्र तू मला विचार करायला लावलंस. चाळीस वर्षं मी सुधारस करते, पण निंबू कोणाच्या बाजूने आहे हा प्रश्न मला पडला नव्हता.

तरी मला वाटतं, निंबू कोणाच्याही बाजूने नाही. ते करणाऱ्याच्या हातात आहे. आंबट पडलं की गोड कमी लागतं म्हणालास. मग उलट बाजूने बघ. गोड आणि आंबट यांचा तोल राखायचा असेल, तर निंबू वाढवून साखर वाढवता येते, तशी निंबू बेताचं ठेवून साखर निम्मी करता येते, आणि उरलेली चव सालीच्या वासाने भरून काढता येते. हिरव्या निंबूची वरची पातळ साल, पांढरा भाग न येऊ देता, बारीक किसणीवर चिमूटभर किसायची. साखर न वाढवता सगळी वाटी दरवळते. मी गेल्या हिवाळ्यात आणखी एक करून पाहिलं. आपल्याच बगीच्यातले आंबिया बहाराचे संत्रे घेतले, फोडी सोलल्या, वरचा पापुद्रा आणि बिया काढून नुसता गर घेतला. शंभर ग्रॅम साखरेचा पातळ पाक, त्यात अर्ध्या निंबूचा रस, आणि थंड झाल्यावर वाटीभर संत्र्याचा गर. साखर निम्मी झाली, आणि आता वाटीत खरंखुरं फळ आहे. पाहुण्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, सुधारसच आहे, आमच्या तिगावचा.

आणि आंबट-गोडाचं वैर आहे असं तू तरी म्हणू नकोस. तुझ्या बापाचा अख्खा बगीचा निंबूवर उभा आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात, तेव्हा कुठे झाड होतं. वर संत्रा, खाली जंबेरी. ती जंबेरी इतकी आंबट की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. एखाद्या वर्षी वरचं झाड वाळलं, की खालून काटेरी फुटवा येतो, पाच-सहा वर्षांनी त्याला खडबडीत पिवळी फळं लागतात, आणि नवखा माणूस संत्रा समजून तोडतो. या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात आपण जे गोड खातो आणि विकतो, ते सगळं त्या आंबट मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यावर.

शंकेखोर : जंबेरीचं उदाहरण तुम्ही दिलंत तर तेही पुरतं घेऊ. जंबेरीवरचं झाड जोमाने वाढतं, फळ भरपूर लागतं, हलक्या जमिनीत तग धरतं. पण त्याच खुंटावर रसातली गोडी दुसऱ्या काही खुंटांच्या मानाने कमी भरते, आणि मुळकूज व डिंक्याला जंबेरी लवकर बळी पडते. शेजारच्या बगीच्यात पाणी तुंबलं आणि एका पावसाळ्यात किती झाडं बुंध्यातून डिंक गाळत वाळली, ते तुम्ही पाहिलं आहे. म्हणून आता रंगपूर लाईमवर डोळे भरणारेही आहेत. प्रत्येक मुळाचा एक फायदा आणि एक किंमत. नर्सरीवाला प्रामाणिक असेल तर रोप देताना दोन्ही सांगतो. मी बाटलीसाठी तेवढंच मागतो आहे.

तुमचा संत्र्याचा सुधारस मला मनापासून आवडला. त्यात हिशेब खरोखर बदलतो. पण तो बाटलीत भरता येईल का? साखर निम्मी केली, पाक पातळ ठेवला, वर ताजा गर घातला. दोन दिवसांत आंबेल. निंबूचा स्क्वॅश विकायचा तर नियमानेच त्यात रस निदान २५ टक्के आणि विद्राव्य घटक निदान ४० टक्के लागतात, आणि ते बहुतेक साखरेचेच असतात. साखर इथे चवीपेक्षा राखणदार म्हणून असते. म्हणजे जे अंगाला बरं, ते आज करून आजच संपवायचं. आणि जे बाजारात जाणार, ते साखरेशिवाय टिकत नाही. तुम्ही मघाशी जहाजावरच्या रसाबद्दल म्हणालात ना, साठवला आणि बिघडला? बाटलीचं दुखणं तेच आहे. फक्त इथे साखर घालून आपण ते दिसू देत नाही.

हौशी : तू बाटलीचं दुखणं सांगतोस, मी बाईचं सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे निंबू इतकं येतं की तोडाईचे पैसे निघत नाहीत, झाडाखाली सडा पडतो. तेच निंबू २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक दहा-पंधरा रुपयांना गेलं. हस्त बहार धरून उन्हाळ्यात फळ आणायचं तर पावसाळा संपताना झाडाला ताण द्यावा लागतो, नंतर पाण्याची हमी लागते. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसतो त्याने काय करावं? आमच्या गटातल्या दहा बायकांपैकी सहांकडे धुऱ्यावर दोन-चार निंबू आहेत, बगीचा कोणाकडेच नाही. ते पडणारं निंबू त्यांनी बाटलीत घातलं, तर शाळेच्या फीचे पैसे निघतात. साखरेशिवाय ते टिकत नाही, मान्य. पण मग त्यांनी ते सडू द्यायचं? लोणचं म्हण, तर त्यात मीठ. मुरंबा म्हण, तर त्यात साखर. फळ टिकवायला आपल्याकडे तिसरा रस्ता नाही, ऊन सोडलं तर. निंबू वाळवून, मीठ लावून ठेवतात, पण ते औषधापुरतं चघळतात, त्याला गिऱ्हाईक नाही.

आणि आणखी एक. 'आरोग्यदायी' हा शब्द आम्हाला कोणी शिकवला? पांढुर्ण्याच्या दुकानात जा, फळ्यांवर बघ. बिस्किटावर तेच, सरबताच्या पुडीवर तेच, मुलांच्या दुधात घालायच्या डब्यावर तेच. मोठ्यांनी छापलं तर चालतं आणि आम्ही दहा बायकांनी छापलं तर तू वही काढतोस.

शंकेखोर : मोठ्यांचंही चालू नये, आणि थोडंफार चालेनासं झालंही आहे. दाव्यांना आधार हवा, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१८ पासून आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधाच्या, धान्याच्या, माल्टच्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. पण मी नियमाचा धाक दाखवायला आलो नाही. मोठ्या कंपनीचं पुडकं घेणारा तिच्यावर तसाही अर्धाच विश्वास ठेवतो. तुमची बाटली घेणारा तुम्हाला ओळखतो. तिगावच्या काकूंनी लिहिलंय म्हणजे खरं असणार, असं म्हणून घेतो. बाबांनी तुमच्या वाटीवर जेवढा भरवसा ठेवला तेवढा कुठल्या डब्यावर ठेवला नाही. तुमच्या शब्दाचं वजन जास्त आहे, म्हणून मी तुमच्याशी भांडतो. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२३ मध्ये आलेली पाहणी सांगते. तुमच्या शंभर बाटल्यांतल्या काही त्यांच्या घरी जाणारच.

हौशी : बरं. 'आरोग्यदायी' मी खोडते. मग तिथे काय लिहू?

शंकेखोर : साखर किती, निंबू किती, कधी केलं, आणि एका वाढण्यात साखर किती जाते. निंबू ताजं आहे, निंबूफूल नाही, हे ठळक लिहा. ते खरं आहे आणि अभिमानाचं आहे.

हौशी : तेवढंच लिहिलेली बाटली 'आरोग्यदायी' लिहिलेल्या बाटलीच्या शेजारी ठेवली, तर गिऱ्हाईक कोणती उचलेल?

शंकेखोर : बहुतेक ती दुसरी.

हौशी : म्हणजे खरं लिहिल्याची किंमत आमच्या गटाने भरायची.

शंकेखोर : आज तरी तसंच दिसतं. मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. संत्र्याचा ताजा सुधारस त्याच दिवशी वाढायला, लग्नात, बारशात, ऑर्डरप्रमाणे दिलात तर बाटलीची गरज राहणार नाही, असं मला वाटतं. पण संत्रा वर्षभर नसतो आणि लग्नं मे महिन्यात असतात, हेही मला दिसतं.

हौशी : ते राहू दे, आम्ही बसून बघू. आता घरचं सांग. या दिवाळीला तुझ्या बाबांसाठी वाटी पाठवू की नको? नाही पाठवली तर ते मला फोन करून विचारतील.

शंकेखोर : संत्र्याच्या गराची पाठवा, पाक पातळ ठेवून. डॉक्टरांना विचारून ठेवतो. पोळी एक कमी करून एक चमचा मी माझ्या हाताने वाढीन.

हौशी : आणि त्यांनी दुसरा मागितला तर?

शंकेखोर : मागतीलच, काकू. तुमच्या हातचं आंबट-गोड आहे ते. मी काय म्हणेन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.